थडग्यावरचं जेवण

ईस्टरनंतरच्या रविवारी मी मजुरी करतो त्या पीचच्या बागेच्या मालकीणबाईंनी नवऱ्याच्या थडग्यावर टेबलक्लॉथ अंथरला, ईस्टरची लाल रंगवलेली अंडी मांडली. त्या पोंटिक ग्रीक. काळ्या समुद्राकाठचं गाव त्यांच्या आजीच्या काळात सुटलं, पण मेलेल्यांसोबत जेवायची रीत त्यांच्याबरोबर इथं ग्रीसमध्ये आली. त्यांनी मलाही जेवायला बसवलं, पण मी अंडं नुसतंच हातात धरून बसलो. आमच्याकडे स्मशानातून आलं की आधी आंघोळ.

"तुझे वडील कुठं पुरलेत रे?" बाईंनी विचारलं.

"अस्थी कृष्णेत सोडल्या. मला जाता आलं नाही."

"मग त्यांच्याशी जेवतोस कुठं?"

"आम्ही कावळ्याला वाढतो."

"कावळ्याला?" त्या हसल्या. मग त्यांनी माझ्या बाबांसाठी ताट वाढलं. "येऊ देत इकडंच."

परक्याकडे पाणीही न पिणारे बाबा इथं येतील? सातवीत शाळा सोडलेल्या मला काय कळणार! मी हात जोडले. बाबांना की बाईंना, अजून उमगत नाही.