पिठानं आखलेलं स्वयंपाकघर

नंदाताई राऊत बोईसरच्या आमच्या नव्या, रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरल्या त्या चपला हातात घेऊनच. नमस्कार वगैरे व्हायच्या आधी त्यांनी विचारलं, "तांदळाचं पीठ आहे का गं? नसेल तर खालून घेऊन ये." मला वाटलं, बाई वास्तुपूजा करायला आल्यात की काय! पीठ आणलं, तशी पदर खोचून त्या फरशीवर ओणवल्या आणि ओटा, शेगडी, सिंक, फ्रिज असं सगळं स्वयंपाकघर चिमटी-चिमटीनं आखून मोकळ्या झाल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हं, आता मला चहा करून दाखव."

मी हसले. त्या अजिबात हसल्या नाहीत. मला रिकामं पातेलं घेऊन त्या पिठाच्या रेघांमध्ये खरोखर उभं राहावं लागलं. "पाणी घेतलंस? साखर कुठून काढलीस? गाळणं कुठाय? पातेलं उकळतंय आणि तू गाळणं शोधत दारापर्यंत गेलीस!" एवढ्यात त्यांनी माझ्या नवऱ्याला, महेशला, पाणी प्यायला पाठवलं. तो थेट माझ्या कोपरावर येऊन आदळला. "बघ. तुझा चहा सांडला आणि याचा पाय भाजला. पाणी मागायला येणारा माणूस रांधणाऱ्याच्या वाटेत येता कामा नये. फ्रिज आणि फिल्टर बाहेरच्या टोकाला." लगेच पायानं एक रेघ पुसून त्यांनी दुसरी ओढली.

नंदाताई मूळच्या केळव्याच्या. पालघरला त्यांचं किचनचं वर्कशॉप होतं. डिझाइनचा रीतसर डिप्लोमा होता, आणि तो आहे हे समोरच्याला पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्थाही होती. वेळेवर येणं त्यांना कधी जमलं नाही. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर बोलल्या तर वॉचमननं मान वर करावी. पालघरच्या एका डॉक्टर जोडप्याला टीव्हीत दिसतं तसं भलंमोठं किचन हवं होतं. त्यांनाही नंदाताईंनी पिठात उभं करून खोटाखोटा वरणभात करायला लावला. कुकरची शिट्टी कुठे बसते हेच दोघांना सांगता येईना. "तुम्हाला किचन नको, डबेवाली हवी," असं तोंडावर सांगून त्यांनी छोटासा ओटा आणि मोठं टेबल देऊन टाकलं. डॉक्टरीणबाई आजही त्यांचं नाव काढलं की खळखळून हसतात.

आमचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं. सासरे गेल्यापासून सासूबाई दांडी गावातल्या घरात एकट्या होत्या. जन्मभर बोईसरच्या बाजारात मासळी विकलेली बाई. आमच्या आधीच्या भाड्याच्या घरी दोनदा राहायला आल्या आणि दोन्ही वेळा पिशवी उचलून परत गेल्या. मग एका पावसाळ्यात त्या दांडीला मागच्या अंगणात घसरून पडल्या आणि शेजारणीला कळेपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. नवा फ्लॅट घेतला तो मुख्यतः त्यांच्यासाठी. इथंही त्या रमल्या नाहीत तर पुन्हा येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

महेशच्या डोक्यात ओपन किचन, मधोमध उंच खुर्च्यांचं काउंटर, त्यावर लोंबते दिवे. कंपनीतले लोक जेवायला येतील ही त्याची हौस. नंदाताईंना एकटं गाठून मी सांगितलं, "आईंची जागा आधी ठरवा. त्या खाली बसून मोरलीवर, त्यांच्या विळीवर, मासे कापतात. त्यांना उभ्यानं जमत नाही."

"ते माझ्यावर सोड," म्हणाल्या. सासूबाईंना फ्लॅट दाखवायला आणलं त्या दिवशी नंदाताईंनी मागच्या बाल्कनीत पिठाचा एक ऐसपैस चौकोन काढून ठेवला होता. बसका कडप्पा, वेगळा नळ, पाणी जायला वाट, मोकळा वारा. वासाचं नाव नाही. सगळ्यांना मान्य. नंदाताई स्वतःवर भारी खूश होत्या.

सासूबाई त्या चौकोनात बसल्या. भिंतीकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि महेशला म्हणाल्या, "रिक्षा बघ. मी दांडीला जाते."

"आये, झालं काय?"

"काय नाय झालं. थय पण मी मागल्या दारी एकटी. हय पण मागंच बसायचं, तर माजं घर काय वायट हाय?"

महेश समजूत घालायला लागला, मला रडू फुटायच्या बेतात होतं. नंदाताईंनी एकदा बाल्कनीकडे, एकदा सासूबाईंकडे पाहिलं आणि चक्क कपाळावर हात मारला. "चुकले! मावशी, मी साफ चुकले!" ही कबुलीही वॉचमनला ऐकू गेली असणार. "मी आपली वासाच्या मागे लागले, माणसाचं बघितलंच नाही. बाजारात तुम्ही कुठं बसायचात?"

"तोंडावर. येनारं-जानारं दिसाया पायजे बाय. भिंतीकडं बघून मावरं कोन कापतं?"

तेवढंच पुरलं. आधीच्या सगळ्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या गेल्या. ओट्याच्या हॉलकडच्या टोकाला त्यांनी नवा बसका चौथरा आखला, दाराकडे तोंड करून. तिथं नळ आणि मोरी आणायची तर सिंक सरकलं, सिंकमागोमाग शेगडी सरकली, आणि महेशचं काउंटर कुठंच बसेना.

"म्हणजे माझ्या साहेबांसमोर आई हॉलमध्ये मासे कापणार?" महेश चिडला.

"साहेबाला तळलेली तुकडी दिसलेली चालते ना? मग कापणारीही दिसू दे."

"आणि वास?"

"येणार. थोडा येणारच. चिमणी जोरदार देते, खिडक्या समोरासमोर ठेवते, दुपारचा समुद्राचा वारा बघून घेते. पण मासे खाणाऱ्याच्या घरात गुलाबाचा वास यायला लागला तर मलाच संशय येईल."

महेश दोन दिवस फुगून बसला, मग काउंटरचा हट्ट सोडला. सासूबाईंनी रिक्षा नको म्हटलं, पण पिशवीही सोडली नाही. "बघू, कसं होतं ते," एवढंच बोलल्या. किचन उभं राहिलं, त्या चौथऱ्यावर येऊन बसल्या, आणि हळूहळू मजल्यावरच्या बायका दारातून हाका मारायला लागल्या. ताजा बोंबील कसा ओळखायचा, सरंगा कापावा कसा, याच्या शिकवण्याच सुरू झाल्या. महेशचे साहेब आले ते बशी घेऊन त्यांच्यासमोर स्टुलावरच बसले. नंदाताई अधूनमधून स्कूटरवरून यायच्या, "मोरी तुंबत नाही ना, मावशी?" असं विचारायच्या आणि चहा घेऊन तासभर हलायच्या नाहीत. एकदा मी नंदाताईंना विचारलं, दांडीचं घर सासूबाई अजून झाडून घेतात, राहतील ना इथं? त्या म्हणाल्या, "मला ओट्याची उंची विचार. हे मला नाही सांगता येत." इतक्या खालच्या आवाजात त्या बोलल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

गेल्या हिवाळ्यात नंदाताई झोपेतच गेल्या. काही आजार नाही, काही नाही. ऐकून माझा विश्वासच बसला नाही. सासूबाई म्हणाल्या, "मी येनार." तशा दुखऱ्या कमरेनं त्या आमच्याबरोबर केळव्याला आल्या, नंदाताईंच्या लेकीला जवळ घेऊन बसल्या, सगळं होईपर्यंत थांबल्या.

परतताना महेश गाडी चालवत होता, आम्ही दोघी मागे बसलो होतो. बोईसर जवळ आलं तसं महेशनं आरशातून मागे पाहिलं. "आये, तसाच पुढं दांडीला सोडू का? बरेच दिवस गेली नाहीस."

"येडा हायस काय?" सासूबाई म्हणाल्या. "मयतीवरशी मानूस आनखी कुटं जातं? पयलं आपल्या घरा जायचं, आंगोल करायची. चल घरा."

महेशनं गाडी फ्लॅटकडे वळवली.