मडगार्डातला अर्ज

मी शपथा फारशा घेत नाही, पण पडल्यावर एक घेतली होती : फटफटीवर पुन्हा बसायचं नाही.

निजाम जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. तामलवाडीला मी सरकारी नर्स होते. आसपासच्या गावांत बाळंतपण असलं की माझे यजमान मला त्यांच्या जुन्या, लांबलचक फटफटीवरून नेऊन सोडायचे. ते रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर, पण आमच्या वाटेला रस्ता म्हणण्याची हिंमत त्यांनाही होत नसे. काळ्या रानात बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. तसल्या एका चाकोरीत आमचं बारीक चाक घुसलं, ते निघेना, आणि मी बॅगेसकट खाली. डावं मनगट मोडलं. हात बरा झाला, भीती मात्र गेली नाही. मग बोलावणं आलं की मी बैलगाडी मागू लागले. दोनदा मी पोचण्याआधीच बाळ जन्मलं होतं. दोन्ही वेळा बाळ-बाळंतीण सुखरूप होती, हे त्यांचं नशीब. तिसऱ्या वेळी काय होईल, या विचारानं मी नोकरी सोडण्याचा अर्ज जाड फुलस्केपवर लिहिला आणि बॅगेत ठेवला. यजमानांना सांगितलं नाही.

त्यांनी मात्र सोलापूरहून रुंद टायर आणले. "चाकोरीत उतरणारच नाहीत," म्हणाले. ते बसवून घ्यायला नळदुर्गला हमरस्त्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे निघाले. त्यांना सगळे चाचा म्हणत. "तू नुसतं बघायला ये," यजमान म्हणाले. मी एसटीनं गेले. परतताना तुळजापूरला उतरून तिथल्या आमच्या कचेरीत अर्ज देऊन टाकायचा, असा माझा बेत होता.

चाचांनी टायर चढवले, मागचं चाक हातानं फिरवून पाहिलं. छान फिरलं. यजमान किक मारायला पुढं झाले, तर चाचा म्हणाले, "थांबा जी. अजून बाई बसल्या न्हाईत."

"मी बसणार नाही," मी म्हणाले.

"बाई, दोघं बसले की स्प्रिंगा दबतात, चाक वर जातं. रिकाम्या गाडीला समदेच टायर बसतात. आडरानात मडगार्डाला घासून फाटला तर पडणार तुमीच."

मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला आधी रागच येतो.

टायर कुठं घासतो ते उमटावं म्हणून त्यांना मडगार्डाच्या आतून चिकटवायला जाड कागद हवा होता. वर्तमानपत्र त्यांनी चिमटीत धरून बाजूला टाकलं. माझ्या बॅगेत जाड कागद एकच होता आणि चाचा हात पुढं करून उभे. अर्ज काय, पुन्हा लिहिता येईल, असं मनाला समजावत मी तो दिला. त्यांनी न वाचताच त्याचे चार तुकडे केले.

यजमान पुढं बसले, मी तुळजाभवानीचं नाव घेत मागं. चाचांनी ढकलत आम्हाला एका दगडावरून नेलं. तुकडा काढला, तर त्यावर काळा पट्टा. चाचांनी मडगार्डाची कड ठोकून बाहेर वळवली. दुसरा तुकडा, पुन्हा बसा, पुन्हा दगड. पट्टा बारीक झाला. मग त्यांनी वायसर घालून मडगार्ड थोडं उचललं; तिसऱ्या तुकड्यावर नुसती रेघ उरली, तेव्हा आणखी थोडं. बाहेर ट्रकवाले खोळंबले होते, त्यांना हातानंच गप्प केलं. चौथ्या वेळी मी कुणी सांगायच्या आधी चढून बसले, हे माझं मलाच नंतर कळलं.

चौथ्या तुकड्यावर डाग नव्हता. फक्त माझी सही होती.

तुकडे गोळा करताना यजमानांनी माझं अक्षर ओळखलं. ते जुळवून त्यांनी सगळा अर्ज वाचला. चाचांनी विचारलं, "बाई, कागद कामाचा व्हता का?"

"होता. आता नाही लागणार."

त्या टायरांवर मी पुढं कितीतरी बाळंतपणांना वेळेवर पोचले. यजमानांनी मला एकदाही 'बस' म्हटलं नाही आणि चाचांनी बसल्याशिवाय सोडलं नाही. दोघांचेही उपकार माझ्यावर आहेत, आणि त्या बायकांवरही.

त्या दिवशी निघताना यजमानांनी तुकडे घडी करून माझ्या हातात दिले. किक मारून, पुढं बघतच म्हणाले, "तुळजापूरला सोडू?"

"सरळ घरी चला," मी म्हणाले. "माळावरच्या वस्तीतल्या एकीचे दिवस भरलेत."