लग्नापुरती हिंदू

"तुम्ही मयताच्या कोण?" हवालदारानं विचारलं.

"बायको."

पनवेलच्या शवागाराच्या दारात उभी होते मी. आत माझा नवरा होता. न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. त्या सकाळी ट्रेलर उलटला.

हवालदार लिहिणार तेवढ्यात दीर पुढं आला. "साहेब, ही आमच्या घरची न्हाय. भावाचं लगीनच झालेलं न्हाय."

"लग्नाचा दाखला हाय का, बाई?"

दाखला नव्हता. मोबाइलमध्ये फोटो होते. विहारातले. पांढऱ्या कपड्यातली आम्ही दोघं, हात जोडलेले. हवालदारानं पाहिले आणि मोबाइल दिराकडे दिला. दीर हसला. भावाचं प्रेत भिंतीपलीकडे होतं, आणि तो हसला.

"ह्ये लगीन? ह्यांच्यात असंच असतं, साहेब."

ह्यांच्यात.

मी श्रीवर्धनकडची, बौद्ध घरातली. उरणला बालवाडीत शिकवते. तो पालीकडचा, भातशेतीवाल्या घरातला. आमच्या गावच्या विहारात लग्न लागलं. त्रिशरण, पंचशील, हार. त्याच्या घरचं कुणी आलं नाही. उरणला खोली घेतली. त्याला मासळी साफ करता यायची नाही. बोटं कापून घ्यायचा आणि मलाच हसायचा.

लग्न नोंदवायला आम्ही गावच्या ग्रामपंचायतीत गेलो होतो. राज्याच्या कायद्यानं लग्न ग्रामसेवकाकडे नोंदवायचं असतं. त्यानं दोघांची कागदं पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

"मुलगा हिंदू, मुलगी बौद्ध. धर्म वेगळे. माझ्याकडं होत नाही. अलिबागला जा. तिथं केंद्राच्या कायद्यानं होतं, स्पेशल मॅरेज."

गेलो अलिबागला. लग्न झालेलं असलं तरी तिथं तीस दिवसांची नोटीस. नाव, गाव, पत्ता, सगळं बोर्डावर. येणारा-जाणारा वाचतोय. कुणीतरी फोटो काढला. तो पालीकडे पोचला. दीर माणसं घेऊन अलिबागला आला आणि हरकत घेतली. लग्न झालेलंच नाही म्हणाला. चौकशी लागली. तिथले साहेब म्हणाले, थांबा.

आम्ही थांबलो. त्या थांबण्यातच तो गेला.

शवागाराच्या दारातून दिरानं मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ केला.

"हे बघ, लिहून दे. ओळखीची हाय, एवढंच. मग तोंड बघू देतो."

कागद पुढं केला. पेनही. मी पेन घेतलं. खोटं कशाला सांगू, घेतलं. त्याच्या भुवईवर लहानपणीचा वण होता. त्यावरून एकदा अंगठा फिरवायचा होता मला. बाकी काही नको होतं. एक ओळ लिहिली की दार उघडणार होतं.

पेन परत त्याच्या हातात दिलं.

"मी त्याची बायको हाय. बायको म्हणूनच बघीन."

"मग बस बोंबलत."

दिराच्या माणसांनी त्याला गाडीत घातलं. मी काचेला हात लावला, कुणीतरी ढकललं. गाडी पालीच्या रस्त्याला लागली. मी त्याचं तोंड पाहिलं नाही. आजतागायत वाटतं, दोन शब्द लिहिले असते तर काय बिघडलं असतं? आणि तितकंच आजतागायत हेही वाटतं, सगळंच बिघडलं असतं.

पुढं अलिबागला एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"राज्याची नोंद नसली म्हणून लग्न मोडत नाही. आणि केंद्राच्या हिंदू विवाह कायद्यात बौद्धही धरलेत. विहारातलं लग्न चालतं. ग्रामसेवकानं तेव्हाच नोंद करायला हवी होती."

"म्हणजे ती नोटीस लागायलाच नको होती?"

"नको होती."

त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. शवागाराच्या दारात रडले नव्हते तेवढी.

घरी येऊन बापाला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या आज्यानं दीक्षा घेताना ज्ये नाव टाकलं, त्येच्याच आडोशाला जायचं का आता?"

काय सांगणार त्याला? दिल्लीचा कायदा मला लग्नापुरती हिंदू म्हणतो. ग्रामसेवक दाखल्यापुरती परकी म्हणतो. दिराच्या घरात तर मी माणूसच नाही. मला कुणी विचारलं नाही, बाई, तू कोण.

दावा लावला. मी त्याची बायको आहे, एवढंच कोर्टानं सांगावं म्हणून. वकीलबाईंना म्हटलं, धर्म बौद्धच लिहा. लग्न विहारात झालं असंच लिहा. कायद्यानं मला कुठं बसवायचं ते त्याचं तो बघेल. मी हलणार नाही.

दिराचा निरोप येतो, केस मागं घे, आई रडती. रडू दे. मीही रडते. निकाल माझ्या बाजूनं लागला तरी तो वण मला पुन्हा दिसायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी आहे. त्यांचा वकील विचारणार, सप्तपदी झाली का? वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलंय.

मी सांगणार, सप्तपदी झाली नाही. लग्न झालं.