आरती संपली तिथे थांबलेली होडी

तन्वी, निखिल,

आबा गेल्याचं सांगायला मी फोन केला तेव्हा तुमच्याकडे सकाळ होती आणि शाळेची बस यायची होती. तन्वीनं एकच विचारलं, "आजी, त्यांना कळलं का... दॅट इट वॉज मी?" मी "हो" म्हणाले, पण घाईत म्हणाले. घाईतलं "हो" मुलांना पटत नाही, हे मला इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून ठाऊक आहे. म्हणून आता, घरातली माणसं आपापल्या गावी परतल्यावर, नीट लिहिते आहे. बाबा वाचून दाखवेल.

आबा गेले त्याच्या आदल्याच दिवशी मी फोन आबांच्या कानाशी धरला होता. त्यांचं बोलणं तोवर बंद झालं होतं. निखिल "आय लव्ह यू, आबा" म्हणाला. तन्वीला शब्दच सुचेनात. मला पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, आणि मग टेबलावर बोटं वाजवल्याचा आवाज. तेवढ्यात तुमच्या बाबाचं फोन कार्ड संपलं. तेव्हापासून तन्वीच्या मनात बसलंय की शेवटच्या वेळी आपण आबांशी बोललोच नाही. ते तसं नाही. पण का नाही, हे सांगायला मला त्या तळ्यावर जावं लागेल.

आबा आमच्या नाशिकच्या भजनी मंडळात तबला वाजवायचे. मग उजव्या हातात कंपवात शिरला. हात नुसता मांडीवर ठेवला तरी थरथरायचा. एका गुरुवारी भजनात त्यांचा ठेका चुकला. घरी येऊन त्यांनी तबल्याला गवसणी घातली आणि "आता बास" म्हणाले. त्या दिवसापासून तो हात खिशात गेला. सदऱ्याच्या, कोटाच्या, तुमच्याकडे आलो तेव्हा करड्या स्वेटरच्या. फोटोतसुद्धा तो हात दिसत नाही, बघा.

२००६ साली आम्ही अमेरिकेत, तुमच्या मॉरिसव्हिलला आलो, तेव्हा गणपती नुकतेच होऊन गेले होते. तळ्यावर आशियाई लोकांचा मेळा होता. तुम्हाला नूडल्स हव्या होत्या, मला सावली हवी होती. बाबाच्या ऑफिसातल्या मराठी मंडळींनी ड्रॅगन बोटीच्या शर्यतीत नाव दिलं होतं. लांबलचक होडी, तिला ड्रॅगनचं तोंड, दोन्ही बाजूंना वल्ही मारणारे. शर्यतीआधी एका चिनी आजोबांनी ड्रॅगनच्या डोळ्यांत लाल रंगाचा ठिपका दिला, म्हणजे म्हणे तो जागा होतो. आबा खूश झाले. "अगं, ही तर प्राणप्रतिष्ठाच की!"

होडीच्या तोंडाशी एक ढोल असतो. त्याच्या ठोक्यावर सगळ्यांची वल्ही पडतात. आपल्या होडीतली ढोलवाली मुलगी ऐन वेळी आजारी पडली. मग शिल्पा, ती नागपूरची, बाबाच्या टीमची कॅप्टन, धावत आली.

"काका, तुमचं वजन किती?"

"हा काय प्रश्न झाला?"

"अहो, ढोलवाला हलका लागतो, यार! आणि तुम्ही तबला वाजवता ना? माधवनं सांगितलं."

"वाजवत होतो," आबा म्हणाले. हात खिशातच. मी बाबाकडे रागानं पाहिलं. चारचौघांत पुन्हा ठेका चुकला तर हा माणूस परत कधी घराबाहेर पडणार नाही, याची मला धास्ती होती. तेवढ्यात शिल्पानं त्यांच्या स्वेटरवरून केशरी लाइफ जॅकेट चढवून पट्टे आवळलेसुद्धा. स्वेटरचे खिसे आत झाकले गेले. हात बाहेर राहिला, सगळ्यांसमोर थरथरत... निखिल, तू मान खाली घातलीस. तन्वीनं तो हात धरला आणि त्यांना धक्क्यापर्यंत नेलं.

ढोल वाजवणारा उलटा बसतो. शर्यत कुठे संपते ते त्याला दिसत नाही, समोर फक्त आपली माणसं दिसतात. आबांनी दोन्ही हातांत काठ्या धरल्या. मला बघवेना. पहिला ठोका पडला आणि मी डोळे उघडले. हात कापत नव्हता. डॉक्टरांनी नंतर समजावलं की या आजारात रिकामा हात जास्त थरथरतो, कामाला लागला की पुष्कळदा निवतो. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मी नुसती उभी राहून रडत होते.

ठेका आरतीचा होता. आबांना दुसरा सुचलाच नसेल. आमची सगळी मंडळी गणपतीत तोच ऐकत वाढलेली, वल्ही अशी एकसारखी पडू लागली की होडी दुसऱ्या नंबरावर आली. काठावर तन्वी बर्फाच्या पेटीचं झाकण त्याच तालात बडवत होती. आरती नेहमीप्रमाणे जलद होत गेली, होडीही... आणि मग जे व्हायचं तेच झालं. आबांनी आरती संपवल्याचा ठोका दिला आणि अख्ख्या होडीनं वल्ही वर करून "मोरया!" म्हटलं. शर्यत अजून बाकी होती. उरलेल्या होड्या आरामात पुढे निघून गेल्या.

"काका, रेस संपली नाहीये!" शिल्पा हसता हसता ओरडत होती.

"आबा, यू स्टॉप्ड बिफोर द लाइन," निखिल परतताना गाडीत कुरकुरला.

"अरे, आरती कुठे लाइन बघून थांबते?" आबा म्हणाले. त्या संध्याकाळी जेवताना त्यांचा उजवा हात टेबलावर होता. थरथरत होता, पण टेबलावर होता.

तर तन्वी, आता तुझं उत्तर. फोनवर तू टेबलावर तोच आरतीचा ठेका वाजवलास तेव्हा आबांचा हात चादरीवर होता आणि सारखा कापत होता. पहिले काही ठोके गेले. मग तो हात थांबला. दोन बोटं उचलली आणि चादरीवर पडली, पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तुझ्याच ठेक्यात. मधेच फोन बंद झाला, तुझी आरती अर्धी राहिली. आबांची बोटं थांबली नाहीत. हळूहळू, पण शेवटपर्यंत गेली, आणि शेवटी त्यांनी तळवा जरासा वर केला, वल्ही वर करतात ना, तसा. मी समोर बसून पाहिलंय. हे घाईतलं "हो" नाही.

आबांचे बाकी कपडे मी देऊन टाकले. करडा स्वेटर कपाटात आहे. धुऊन, घडी करून ठेवला, तरी उजवा खिसा मुठीएवढा फुगलेलाच राहतो. डावा अगदी नव्यासारखा आहे. तुम्ही याल तेव्हा दाखवीन. मी तो खिसा सारखा करायचं आता सोडून दिलंय.

तुमची आजी