पाच बांगड्यांचा दगड

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं नव्हे, पाय आधी बाहेर आले. यात माझं कर्तृत्व काहीच नाही, जो त्रास झाला तो आईला. पण आमच्या तापीकाठच्या गावांत पायाळू माणसाला आयुष्यभर सुट्टी मिळत नाही. कुणाच्या पाठीत उसण भरली की बोलावणं येतं, जाऊन पाठीवर पाय लावायचा. ढग गडगडले की घरात बसवून ठेवतात, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे पायाळूला जमिनीखालचं धन दिसतं. मला आजवर जमिनीत फक्त गांडुळं दिसली. 'सासरी कुणाला सांगू नकोस' असं आईने बजावलं होतं. लग्नाच्या पंगतीतच माझ्या मावशीने ते सांगून टाकलं.

पुढे मी प्राथमिक शिक्षिका झाले. पहिली नेमणूक कोरीटला, शेवटची घराजवळ. वीज माणूस बघून पडत नाही, हे मी किती वर्गांना शिकवलं त्याचा हिशेब नाही. उसणीच्या बाबतीत मात्र मला नाही म्हणता आलं नाही. शेजारीण कण्हत कण्हत येऊन ओट्यावर पालथी पडली की तिला विज्ञान काय सांगणार? पाय लावायचा आणि मोकळं व्हायचं. पण धन बघायला मी कधीच उभी राहिले नाही. तेवढी एक गोष्ट मी निवृत्त होईपर्यंत सांभाळली होती.

मग गेल्या दिवाळीनंतर माझ्या दिराला दगड सापडला. दीर माझ्याहून बराच लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नववीत होता आणि माझ्याकडून इंग्रजी शिकत होता. ब्राह्मणपुरीच्या रस्त्याला आमचं शेत आहे, त्यात एक जुनी बुजलेली विहीर. तिच्या कडेची झुडपं काढताना हा दगड पालथा पडलेला मिळाला. कमरेएवढा उंच, वर चंद्र आणि सूर्य, मधोमध कोपरात वाकलेला एक हात, मनगटावर पाच बांगड्या, खाली एक लहानसा कलश. दिराने तो ट्रॅक्टरवर घालून घरी आणला आणि अंगणातल्या निंबाला टेकवून उभा केला.

मला बघताक्षणी कळलं. हा सतीचा दगड. नवऱ्यामागे जळालेल्या कुणा बाईची आठवण. असे दगड मी पाहिलेले होते, पुस्तकांतही आणि देवळांच्या मागेही. मी चहा घेऊन अंगणात गेले आणि सांगितलं, "भाऊ, हाई बाईनी आठवन शे. खाले काहीच नही."

दिराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ बघत होता. तो माणूस कुठल्याशा डोंगरात उभा राहून दगडावरच्या खुणांचा अर्थ सांगत होता. साप म्हणजे राखण, कलश म्हणजे हंडा, हात म्हणजे दिशा. "वहिनी, हाऊ हात देखा," दीर म्हणाला. "हात कसाले कोरतस? दिशा दाखाडाले!"

तिथून जे सुरू झालं ते चार महिने चाललं. रोज दुपारी तीन वाजता अंगणात तीन खुर्च्या पडायच्या. एक दिराची. एक माझ्या नवऱ्याची. तो पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला, त्यामुळे त्याला दुपारी करायला काही नव्हतं. तिसरी शहाद्याच्या मिस्त्रीची. हा मुसलमान कारागीर, दगडाचं काम करणाऱ्या घरातला. आमच्या घराचा पाया त्याच्याच वडिलांनी घातलेला. खुर्च्या तीन आणि चहा करणारी एक. कप देताना मी तेच वाक्य रोज पुन्हा म्हणायचे, बाईची आठवण आहे, खाली काही नाही, आणि तिघेही फक्त कप घ्यायचे. निवृत्तीनंतर मी वाचणार होते, दोन कपाटं पुस्तकं साठवून ठेवली होती. त्या चार महिन्यांत माझी चहाची पावडर तेवढी संपत गेली.

वाद कशाकशावर व्हावा! पंजा वर आहे, मग धन वर आभाळात आहे का? तर दीर म्हणाला, जुने लोक उलटं लिहायचे, वर म्हणजे खाली. चंद्र डावीकडे आहे म्हणजे पश्चिम. नवरा म्हणाला, दगडाची डावी बाजू धरायची की आपली? यावर एक अख्खा आठवडा गेला. शेवटी मिस्त्री म्हणाला, "अरे, दगड तं ट्रॅक्टरवर उना. तोंड इकडे आपनच करं. आते त्यानी दिशा कशी चाली?" मला वाटलं, संपलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी दीर शेतात गेला, दगड जिथे पालथा होता तिथली माती बघून आला आणि नव्याने दिशा काढून बसला. पालथ्या घड्यावर पाणी.

मिस्त्रीबद्दल मला राग नव्हता. तो एकटाच दगडाकडे दगड म्हणून बघायचा. बोटं फिरवून म्हणायचा, कोरणारा डावखुरा होता, आणि बांगड्या कोरायला त्याने बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ दिलाय. पण तोही अर्थाच्या खेळात ओढला गेला. दुपारी गप्पा मारायला जागा मिळाली की माणूस काहीही मानायला तयार होतो.

बांगड्यांपाशी येऊन गाडी थांबली. पाच म्हणजे पाच काय? पाच पावलं, पाच हात, पाच शेतं? नवऱ्याने तोड काढली. विहिरीपाशी दगड आहे तर माप विहिरीचंच असणार. आमच्याकडे विहिरीची खोली परसात मोजतात. हात वर करून उभ्या माणसाएवढा एक परस. पाच बांगड्या म्हणजे पाच परस खोल! तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. मी आतून ओरडले की बाईच्या हातात बांगड्या असतात, त्यांना आणखी कारण लागत नाही, हातच्या काकणाला आरसा कशाला? नवरा म्हणाला, "तुले काय कयस त्यामा?"

हे मला लागलं, हे लिहून टाकते. त्याने रागाने म्हटलं नव्हतं, सहज म्हटलं, माशी हाकलावी तसं. घरातल्या पोरांना, दिराला, गावातल्या निम्म्या लोकांना मी अक्षरं शिकवली. पण अंगणातल्या दगडाबद्दल मला काही कळत असेल हे त्याच्या मनातच आलं नाही. मला मान होता तो एकाच बाबतीत. दीर दर दोन दिवसांनी यायचा आणि हात जोडून म्हणायचा, "वहिनी, तुमी पायाळू शेतस. एक डाव नुसतं उभं ऱ्हाई देखा. काय बिघडी?" मी दर वेळी नाही म्हणायचे, आणि मग तो दिवसभर रुसलेला असायचा.

फाल्गुनात त्याने खणायला सुरुवात केली. मजूर लावला तर गावभर होईल म्हणून स्वतःच. आता मला खरी भीती वाटू लागली. दोन वर्षांपूर्वीच नाशिकला त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. आणि आमची माती काळी, खोल खोल नुसती मातीच, दगड लागत नाही. उन्हाने तिला भेगा पडल्या की उभी भिंत कधी बसेल सांगता येत नाही. शेजारी बुजलेली विहीर, म्हणजे तिथली जमीन आधीच पोकळ. हे मी दिराला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, जावेला सांगितलं. जाऊ रडली. बाकी दोघांनी ऐकून घेतलं आणि दोरखंड नवा आणला.

एके दिवशी दुपारची जेवणं आटोपत होती आणि मिस्त्री मोटरसायकलवरून आला. उतरलाही नाही. "भाभी, चला लवकर. भाऊ खड्डामा उतरेल शे, आनि माटी फुटी ऱ्हायनी. मन्हं कोनी ऐकस नही."

मी तशीच त्याच्या मागे बसले. पोचले तेव्हा नवरा काठावर दोर धरून उभा. त्याच्या पायापासून हातभर अंतरावर जमिनीला भेग गेलेली, त्यात माझी बोटं गेली असती. दीर दोन परस खाली होता, घामाने निथळलेला, श्वास लागलेला. मी म्हटलं, भाऊ, वर या, भिंत बसते आहे. तो म्हणाला, "आजून तीन परस बाकी शेत. आते कसाले थांबू?" नवरा म्हणाला, थोडं राहिलंय, करू दे. मी त्याला भेग दाखवली. तो म्हणाला, आपल्या शेतात अशा भेगा रोजच्याच.

माझ्यात तेव्हा भांडायचं बळ उरलं नव्हतं. मी खरंच फार थकले होते. मला फक्त तो वर यायला हवा होता, कसाही. मी चपला काढल्या.

"भाऊ," मी म्हणाले, "मी देखस. पन खड्डामा मानूस ऱ्हायना तं माले काही दिसस नही. वर या."

तो असा झरझर वर आला की मला रडूच आलं. नवऱ्याने दोर टाकला. मिस्त्रीने टोपी नीट केली. मी तिघांना पार शेताच्या बांधापर्यंत मागे नेलं, अनवाणी उभी राहिले आणि डोळे मिटले. ढेकळं पायांना टोचत होती. किती वेळ उभं राहायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं, म्हणून मनातल्या मनात तेराचा पाढा म्हटला. मग डोळे उघडले आणि म्हणाले, "हाई बाईनी आठवन शे. खाले काहीच नही. बुजी टाका."

कुणी वाद घातला नाही. चंद्र डावा की उजवा, कुणी विचारलं नाही. दिराने खाली वाकून जमिनीला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि मिस्त्री खड्डा बुजवायला गेले, तर विहिरीकडची भिंत रात्रीतून आपोआप खाली आलेली होती. खाली राहिलेलं फावडं आणि टोपलं दिसतसुद्धा नव्हतं. दीर तसाच घरी आला, अंगणात मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या पायांवर, हे मी बघत होते. जावेने दगडाला हळद-कुंकू लावलं. दहा वाजेपर्यंत गल्लीत बातमी पसरली होती आणि दोन माणसं पाठ दुखते म्हणून ओट्यावर येऊन बसली होती. तेहतीस वर्षं मुलांना शिकवलेलं मी एका दुपारी स्वतःच मोडून टाकलं होतं. तरी दीर जिवंत समोर बसला होता, आणि मी परत तसंच केलं असतं.

नवरा चहा घेत होता. दगडाकडे एकदा पाहून तो माझ्याकडे वळला.

"हाई तू पह्यलेच का बरं नही सांगं?" तो म्हणाला.

तो मला चिडवत नव्हता, खरोखर विचारत होता. चार महिने याच अंगणात त्याने माझं हेच वाक्य ऐकलं होतं, आणि त्याला त्यातला एकही शब्द आठवत नव्हता.