हवालदारांच्या अंगणातला आयरिश सण

मुंबईहून निघालो ते डॉक्टरांनी महाबळेश्वरची हवा सांगितली म्हणून. हौस म्हणून नव्हे. बाणकोटहून सावित्रीत शिरलेला मचवा (शिडाची मोठी होडी) दासगावच्या अलीकडे ओहोटीने चिखलात रुतला. तांडेल बिडी ओढत म्हणाला, "पानी येल तवा जाऊ." पाणी आले, तोवर महाडहून सुटणारी मोटार गेली होती. महाडात ढेकणांच्या संगतीत रात्र काढली आणि उजाडताच बैलगाडीने पोलादपूरची वाट धरली.

शिमगा तोंडावर होता. डोंगर वणव्याने काळे, खाचरे भेगाळलेली. कुठेही जा, पळसाला पाने तीनच म्हणतात. पण या दिवसांत पळसावर एकही पान नव्हते, नुसती फुले. पोलादपूर मागे टाकल्यावर चढणीला गाडीचा आख मोडला. गाडीवानाने मला जवळच्या वाडीत धोंडजी हवालदारांच्या पडवीत बसवले आणि तो सुताराला आणायला गेला.

हवालदार जर्मन लढाईवर जाऊन आलेले, खोकल्याने पार वाळलेले. अंगात जुना लष्करी कोट, फेट्यात खोचलेले वालाचे हिरवे तीपानी पान. अंगणात पत्रावळ वाढली होती: भात, बिरडे (मोड आलेल्या सोललेल्या वालांची उसळ) आणि द्रोणात चक्क दारू. तिच्यावरही तसेच एक हिरवे पान ठेवलेले.

"कोणाचे श्राद्ध?" मी विचारले.

"मायकलचं. तेचा सनबी आजच."

"शिमग्यात गोऱ्याचं पान वाढत्यात," त्यांची बायको आतून म्हणाली. "वाडीतलं कुत्रंबी येत नाय बघा."

हवालदारांनी सांगितले ते असे. बसऱ्याकडे जखमींना नेणाऱ्या बोटीवर मायकल नावाचा आयरिश शिपाई त्यांच्या शेजारी पडला होता. त्याला आईबाप नव्हते, मागे कोणी नव्हते. एका सकाळी मोडक्या हिंदुस्थानीत तो म्हणाला, आज आमचा सण आहे, छातीवर हिरवे तीपानी पान लाव.

"बोटीवर हिरवं कुठलं? दुपारी मेला, तसाच. कोटाला काय नाय," हवालदार म्हणाले. "तवापासून मी लावतो. विहिरीवर वालाचा एक वेल तेच्यासाठी राखतो."

आता मला उमगले. आमच्या शाळेतले आयरिश पाद्री सतरा मार्चला कोटाला असेच पान लावीत. संत पॅट्रिकचा दिवस तो. पण ती तारीख तर आठवड्यापूर्वीच होऊन गेली होती. चूक दिसली की दाखवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

"हवालदार, त्या सणाची तारीख..."

"तारीख सायबाची. मेला तवा शिमग्याची तेरस व्हती. मेलेल्या मानसाला तिथीच कळते."

मी पडवीतून उतरून पानापाशी जाऊन बसलो.

ऊन चढले. कौलांवर कावळे होते, पण पानाला शिवायला एकही उतरेना. खालच्या गावातून ढोल ऐकू येत होता. हवालदारांना खोकल्याची उबळ आली, ती ओसरल्यावर ते पानाकडे बघत म्हणाले, "तेला समाजलंय. पुढल्या साली मी नसनार. पोरगा गिरनीत हाय, तो म्हनतो बाप येडा झाला. मंग याचं पान कोन वाढनार?"

मला त्या माणसाची फार दया आली. कोण कुठला मी, पण बोलून गेलो, "मी वाढीन."

हवालदारांनी हात जोडले आणि पानाला मोठ्याने सांगितले, "मायकल, हे मुंबईचं पावनं करतील रे."

आम्ही वाट पाहिली. कावळा आला नाही. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला. "तुमचा सबुद तेला पटला नाय अजून," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. आख बसला होता. माझा मुंबईचा पत्ता लिहून देऊन मी निघालो.

महाबळेश्वरच्या हवेने मला फारसा गुण आला नाही. परतलो तो त्या पानाचे ओझे घेऊनच. पावसाळ्यानंतर हवालदारांचा मुलगा गिरगावात माझे बिऱ्हाड शोधत आला. बाप गेल्याचे सांगून म्हणाला, "तुमास्नी कळवा म्हनाले व्हते."

पुढच्या वर्षी तेरस सतरा मार्चच्या आधीच आली; मी तारखेसाठी थांबलो नाही. तेरशीला गॅलरीत पान वाढले, बेलाचे हिरवे त्रिदळ ठेवले. हात मागे घेतो न घेतो तोच कावळा शिवून गेला. शब्द पटला होता, पण ते सांगायला आता हवालदार नव्हते. मी आत जाऊन त्यांच्यासाठी दुसरे पान वाढायला घेतले.