सूट घालायला नको

सुनागावा जपानमधल्या क्युशू बेटावरच्या एका बेसबॉल क्लबाचा पिचर. वय चौतीस. चेंडू फेकणं हे त्याचं काम, आणि त्या कामात त्याने कधी अंग चोरलं नाही. मैदान भिजलं असलं तर तो भिंतीवर फेकायचा. यंदा त्याचा करार संपत होता.

उन्हाळ्यात त्याचं कोपर आखडलं. तोंड धुवायला हात वर जाईना. डॉक्टरकडे गेला असता तर बातमी क्लबात पोचली असती, आणि करार संपत आलेला दुखरा हात कोण ठेवून घेतो? तो गप्प राहिला. वेगाचा चेंडू कमी केला, कोपराचा भार खांद्यावर घेतला.

एका सामन्यात त्याचे चेंडू झेलणारा कॅचर ओनिझुका तोंडावरची जाळी वर सारून जवळ आला.

"काय रे, कोपर गेलं का?"

"तुझा ग्लोव्ह जुना झालाय."

"ग्लोव्हचं सोड. चेंडू सोडताना दात खातोस तू."

"माझे दात, मी खाईन नाहीतर विकीन."

ओनिझुका हसला. पण त्यानंतर त्याने बोटांच्या खुणेने वेगाचा चेंडू मागितला नाही.

हंगाम संपला. पानं लाल व्हायला लागली की क्लबातून फोन येतात. 'उद्या कार्यालयात या, सूट घालून,' एवढंच सांगतात. सूट म्हटलं की समजायचं, आपल्याला क्लबातून काढलं. बायकोने, चिएमीने, त्याचा सूट कपाटात तळाशी दडपून टाकला.

"अहो, जेवताना फोनकडे बघू नका."

"कुठं बघतोय?"

"मग सूप मांडीवर का सांडताय?"

तेवढ्यात फोन वाजला. व्यवस्थापक नाकागोमे बोलत होते.

"सुनागावा, उद्या मैदानावर ये. सरावाच्या कपड्यांत. तुझा करार एक वर्ष वाढवतोय."

सुनागावा ताडकन उठला आणि फोनपुढेच कमरेत वाकला. चिएमीने तोंडाला रुमाल लावला.

"ऐक, आमचे तरणे पिचर सगळे जायबंदी झालेत," नाकागोमे म्हणाले. "पुढचा भार तुझ्यावर. तुझा हात लोखंडाचा, म्हणून तर ठेवला. सही करण्याआधी वरच्या साहेबांना जरा चेंडू टाकून दाखव."

"हो, साहेब."

सकाळी मैदानावर बोचरं वारं होतं. जाळीमागे साहेब लोक वेग मोजायचं यंत्र घेऊन उभे होते. ओनिझुका उकिडवा बसला, पण ग्लोव्ह पुढे करेना.

"ग्लोव्ह धर की!" सुनागावा ओरडला.

"वेगाचे टाक," नाकागोमे म्हणाले. "सगळे वेगाचेच."

ओनिझुकाने मान खाली घालून ग्लोव्ह धरला. सुनागावाने दात आवळले आणि हात मागे नेला.